लाल टोपण, नारंगी टोपण

"मॅडम, बारा युनिट. बरोबर ना?" विद्यार्थिनीने सिरिंज उजेडाकडे धरली. मी केस पेपर पाहिला, १२. सिरिंज पाहिली, १२. "हो, दे." आजोबांची बाही वर सारताना त्यांची सून सहज म्हणाली, "आमच्या घरच्या सुईला नारंगी टोपण असतं. हे लाल कसं?"

इंजेक्शन हातातच राहिलं.

व्हायल त्यांनी डोंबिवलीच्या घरून आणलेली, एका मिलीत १०० युनिटची. सिरिंज वॉर्डातली, ४० युनिटच्या इन्शुलिनसाठी आखलेली. तिच्यावरची १२ची रेघ म्हणजे ०.३ मिली. या व्हायलमधून तेवढं ओढलं की होतात ३० युनिट. अडीचपट! आपल्याकडे दोन्ही ताकदींची इन्शुलिनं चालतात, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते.

तपासलं तर आम्ही दोघींनी होतं. पण ती "बारा" म्हणाली आणि मला बाराच दिसले. व्हायलचं लेबल मी वाचलंच नाही. तिची शिक्षिका असून तिच्याच डोळ्यांनी पाहिलं.

आता माझ्या मुली औषध भरून सिरिंज ट्रेमध्ये ठेवतात आणि गप्प राहतात. मी केस पेपर, व्हायल घेऊन माझा हिशेब मिलीत करते. आकडे मग सांगायचे. वेळ जातो, स्टाफ सिस्टर कुरकुरतात. त्यांचंही खरंच आहे, चाळीस पेशंट सांभाळायचे असतात.

नावाचंही तसंच. ठाणे-कल्याणच्या वॉर्डात पाटील, म्हात्रे, भोईर यांना तोटा नाही. "तुम्ही पाटील ना?" विचारलं तर ऐकू न येणारे काकाही मान डोलावतात. "काका, पूर्ण नाव सांगा" म्हटलं की त्यांना तोंड उघडावंच लागतं.

सगळ्यात अवघड म्हणजे "नाही मॅडम" म्हणायला शिकवणं. एकोणीस वर्षांची पोर, टिटवाळ्याहून लोकलमध्ये उभ्याने आलेली. मॅडम चुकतील हे तिच्या मनातही येत नाही. म्हणून अधूनमधून मी मुद्दाम चुकीचा आकडा आधी सांगते.

परवा म्हटलं, "पॉइंट एक आठ." ती ट्रेकडे बघत राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मॅडम, माझं पॉइंट एक पाच येतंय."

"परत कर."

तिने केला. पुन्हा तेच आलं. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाली.