परत न आलेले पत्र

रुसवे दोन प्रकारचे. एक बोलून दाखवलेला, दुसरा मुकाट्याने धरलेला. पहिल्याची समजूत काढता येते. दुसऱ्यापुढे भलेभले हात टेकतात. ईमेलने नेमका हा दुसरा प्रकार उचलावा, याचे मला नवल वाटते.

आपले टपालखाते या बाबतीत सरळ. पत्ता सापडला नाही, की पाकिटावर तसा शेरा पडतो आणि पत्र धन्याकडे परत येते. वाईट वाटते, पण कळते तरी!

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती शिकवते त्या छोट्या संस्थेच्या ईमेलवरून, नोकरीसाठी अर्ज धाडला. महिना झाला, उत्तर नाही. ‘मी पसंत पडले नसेन’ म्हणून ती खचली. अखेर धीर करून तिने फोन केला, तेव्हा कळले, की अर्ज कोणी वाचलाच नव्हता. तिथल्या यंत्राने तो परस्पर केरात टाकला होता!

यंत्रालाही सर्वस्वी दोष देववत नाही. १९८२ साली ईमेलच्या दळणवळणाचे नियम झाले, त्यांत पाठवणाऱ्याचे नाव खरे की खोटे हे पाहण्याची सोयच नव्हती. भामट्यांचे फावले. मग तीन पहारेकरी बसवावे लागले. एसपीएफ पाहतो, की पत्र आणणारे यंत्र संस्थेने दिलेल्या यादीत आहे का. डीकेआयएम मोहोर तपासतो. त्यांची साक्ष पत्रावरच्या नावाशी जुळते का, हे डीमार्क पाहतो. न जुळल्यास काय करावे, हे त्या नावाच्या धन्याने आधीच सांगून ठेवायचे असते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. आमच्या मुलीच्या संस्थेने यंत्र बदलले, पण यादी जुनीच राहिली. झाले!

मग पत्र परत का नाही करायचे? कारण नाव खोटे असेल, तर ते भलत्याच गरिबाच्या दारात जाऊन पडेल. हेही खरेच. पण दारातच ‘घेत नाही’ म्हटले, तर पाठवणाऱ्याचे यंत्र त्याला तसे कळवू शकते. आधी ‘पोचले’ म्हणायचे आणि मागून फेकून द्यायचे, ही कुठली रीत? पत्र खोटे असल्याची पुरती खात्री असेल तरच ते गुपचूप टाकावे, असे २००८ च्या सुधारित नियमांतही म्हटले आहे.

तेव्हा या दिवाळीत तुमच्या शुभेच्छांना कुणाचे उत्तर आले नाही, तर मनात अढी धरण्यापूर्वी एक फोन करा. कदाचित तोही तुमच्या पत्राची वाट पाहत बसला असेल.