गाळण्यात राहिलेलं



दशलक्षणाचे दहा दिवस लेक घरी होती. पुण्याहून लॅपटॉप घेऊनच आलेली. सकाळी मंदिर, दुपारी ऑफिस, असं तिचं चाललेलं. क्षमावाणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल ग, इटियाडोह भरलाय म्हणतात, पाहून येऊ." गोठणगावजवळ गाढवी नदीवरचं हे धरण १९७० सालचं. आपल्या अर्जुनी मोरगावकडचंच काय, पुढे गडचिरोली जिल्ह्यातलंही धान त्याच्या कालव्यांवर पिकतं. भरून वाहू लागलं की लोक डबे घेऊन पाहायला येतात, तसे आम्हीही गेलो.

डबा उघडला तरी हिचं लक्ष मोबाईलमध्ये. मी रागावले तर म्हणाली, "दोन मिनिटं ग आई, यादी आलीय." कसली यादी, असं विचारल्यावर तिनं समजावलं ते मला समजलं तसं सांगते.

कंपनीत कुणीही लिहिलेला कोड थेट मुख्य कोडमध्ये जात नाही. लिहिणारा आधी विनंती टाकतो, की कुणीतरी हे तपासा. दुसरा माणूस ओळ न् ओळ वाचतो, शंका काढतो, दुरुस्ती सांगतो. मगच मंजुरी. ही पद्धत जुनी आहे. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्येच कोड तपासण्याची शिस्तशीर रीत लिहून मांडली होती. आता गिटहबसारख्या जागी या विनंत्या साठतात. त्यात एआय एजंट आले. ते भराभर कोड लिहितात, म्हणजे तपासायच्या विनंत्याही भराभर वाढतात. एजंट विनंती टाकून मोकळा व्हायचा. पुढे तिचं काय झालं हे त्याला माणसानंच सांगावं लागायचं. म्हणून हे नवं साधन. त्यातून एजंट स्वतः विचारू शकतो: कोणती विनंती कुणाकडे आहे, किती दिवसांपासून, चाचण्या पास झाल्या का, कुणी दुरुस्ती सांगितली का. सांगितली असेल तर तो कोड सुधारतो आणि पुन्हा तपासायला देतो. एजंटला अशी बाहेरची साधनं जोडायची एक सामाईक पद्धत अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, तेव्हापासून हे सोपं झालं म्हणे.

हिच्या यादीत चौदा विनंत्या होत्या. एक नऊ दिवसांपासून पडून होती. नव्यानं लागलेल्या एका मुलाची, नोकरीतली पहिलीच. "लांबलचक आहे ग, म्हणून राहिली. एजंटनं सारांश दिलाय, चाचण्याही पास आहेत. देऊन टाकते मंजुरी."

मी सहज विचारलं, "पण तू वाचलंस का?"

ती गप्प झाली. समोर पाणी नुसतं धो धो वाहत होतं.

मैत्रिणींनो, आपण रोज पाणी गाळतो. नळाचं असो की विहिरीचं, दुहेरी फडकं लावल्याशिवाय हंडा भरत नाही. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून फडकं बाजूला ठेवावं, असं आपल्याला शिकवलेलं नाही. मी तिला तेवढंच म्हटलं. तर तिनंच २०१४ ची गोष्ट सांगितली. ओपनएसएसएल म्हणून एक प्रणाली आहे, इंटरनेटवरचं आपलं गुपित राखणारी. तिच्यात २०११ च्या शेवटच्या दिवशी एक बदल घातला गेला. तो तपासलाही होता. पण समोरचा सांगतो तितकी अक्षरं त्यानं खरंच पाठवली आहेत का, एवढी एक पडताळणी लिहिणाऱ्याकडून राहिली आणि तपासणाऱ्यालाही दिसली नाही. जगभरच्या सर्व्हरमधून पासवर्डसुद्धा गळू शकतील असं भोक दोन वर्षांवर उघडं होतं. त्याला हार्टब्लीड म्हणतात. "आणि तो तर माणसानं वाचलेला कोड होता," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन तिनं त्या मुलाचा कोड वाचला. दुकानदारांच्या बिलांचं काम होतं. मध्येच नेटवर्क गेलं आणि बटण पुन्हा दाबलं, तर एकच रक्कम दोनदा कापली जात होती. चाचण्यांमध्ये तो प्रसंगच घेतलेला नव्हता. कुणा दुकानदाराचे पैसे गेले असते आणि दोष त्या मुलाच्या माथी आला असता.

तिनं लिहून न टाकता त्याला फोन लावला. तो आधी बोलेचना. मग म्हणाला, नऊ दिवस उत्तर नाही म्हणजे माझं काम तुम्हाला आवडलं नाही, असंच धरून चाललो होतो. हिचा चेहरा पडला. "ताई म्हणून सॉरी," म्हणाली आणि अर्धा तास त्याच्याबरोबर बसून चूक दाखवली.

नंतर तिनं साधनाची मांडणी बदलली. एजंटनं यादी ठेवायची, आठवण करायची, जुनी विनंती सगळ्यात वर दाखवायची. मंजुरीचा अधिकार त्याला नाही. एजंटनं लिहिलेला कोड माणसानं वाचल्याशिवाय मुख्य कोडात जाणार नाही, असा नियमच लावून घेतला. शिवाय दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यात कुणी खोडसाळ सूचना पेरली, तर एजंट ती हुकूम समजून पाळू शकतो. म्हणून त्याच्या हातात किल्ल्या कमीच बऱ्या.

मला मात्र त्या फोनचंच राहून राहून आठवत होतं. पाणी गाळल्यावर फडक्यात जे राहतं ते आपण मोरीत झटकत नाही. जिवाणी ज्या पाण्याची, त्याच पाण्यात अलगद सोडतो. लेकीनं तेच केलं. जिथली चूक तिथेच, हळू हातानं परत केली.

आणि मी? गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर सूनबाईला म्हटलं होतं, "डाळ निवडलीस की नुसती पाखडलीस?" डाळीत खडा होता हे खरं. पण चार माणसांत तिचे डोळे भरले होते. क्षमावाणीला मी घरच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं, त्यात तीही आली असं समजून चालले. माझ्या यादीत ही एक विनंती महिनाभर पडून होती आणि आठवण करून द्यायला एजंट नव्हता.

रात्री ओट्यापाशी गेले. ती उद्याचे मूग निवडत होती. शेजारी बसून ताट पुढे ओढलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं ग. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

ती खाली बघत म्हणाली, "खडा होताच आई. पुढच्या वेळी नुसती आत हाक मारा."

मग आम्ही दोघींनी मूग निवडले.