तांडेलांचं देणं

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारी चकाकी, आणि ती दिसली तरी समाधान मानायचं. नव्वदच्या दशकात प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक मालवण तालुक्यात देवबागला झाली. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, असं हे गाव. पहिल्या वर्षी मी घाटावर बदली कधी मिळेल याचीच वाट पाहत होतो. त्या गावात मी पुढे राहिलो, घर केलं, आणि शिक्षक म्हणून जे काही थोडंफार जमलं ते तिथेच शिकलो. याचं श्रेय शेजारच्या घरातल्या दोन माणसांना आहे. एक रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, तांडेल (म्होरके), ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकी. दोघंही शाळेची पायरी फारशी चढलेली नव्हती.

पाचवीच्या वर्गात मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवत होतो. जमीन लवकर तापते, लवकर निवते, म्हणून दिवसा वारा समुद्रावरून येतो आणि रात्री जमिनीवरून जातो, एवढं फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याकडे वळलो होतो. समोर बसलेली निम्मी मुलं गाबित मच्छीमारांच्या घरातली होती. त्यांच्या घरचं पोट याच वाऱ्यांवर चालतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आश्विनात एका पहाटे आबांनी मला किनाऱ्यावर नेलं. डोंगराकडून कोरडा, गार वारा येत होता आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट पडलं होतं. या वाऱ्यावर शिडाच्या होड्या पहाटे बाहेर पडायच्या आणि दुपारी उलटा वारा सुटला की त्याच्यावर परत यायच्या, असं त्यांनी सांगितलं. पावसाळा सरल्यावर हा पहाटेचा वारा बसला की समजायचं, दर्या आता माणसाला जवळ येऊ देतो आहे. त्या दिवशी मी वर्गात तोच धडा पुन्हा शिकवला आणि या वेळी मुलांना बोलू दिलं.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मासेमारी सुरू होते, एवढंच मला माहीत होतं. आबांच्या हिशेबात तो फक्त आरंभ होता. श्रावण-भाद्रपदात कर्ली नदी सह्याद्रीवरून तांबडी माती घेऊन येते. नदी आणि समुद्राच्या संगमापासून लांबपर्यंत पाणी गढूळ असतं, वर गोडं आणि खाली खारं. त्या दिवसांत आबा खोल पाण्यात शिशाची दोरी सोडत आणि वर काढून शिसं माझ्या तळहातावर ठेवत. ते गार लागायचं. वरचं पाणी कोमट आणि तळाचं इतकं थंड कसं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आबा म्हणायचे की खालचं थंड पाणी वर येतं तेव्हा तळाची मासळी जागा सोडते, आणि हेच पाणी पुढे बांगडा आणि तारली घेऊन येतं.

बऱ्याच वर्षांनी मी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं लेखन वाचलं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं थंड पाणी उथळ भागात चढतं. त्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात आणि प्राणवायू कमी. पावसाचं गोडं पाणी वर झाकणासारखं बसल्याने तळाला प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तळाची मासळी हलते. पोषक द्रव्यांवर वनस्पती-प्लवक फोफावतं आणि त्याच्या मागे तारली, पेडवे, बांगडे येतात. हिवाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यालगतचा प्रवाहही दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो. वाचताना मला तळहातावरचं ते गार शिसं आठवत होतं. आबांनी निरीक्षण दिलं होतं, शास्त्राने कारण दिलं. पहिलं मिळालं नसतं तर दुसरं समजून घ्यायची मला गरजही वाटली नसती.

भरती-ओहोटीचं गणितही आबांचंच. तिथी पाऊणपट करायची, म्हणजे भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दुबळी भरती. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना अपूर्णांक जमत नव्हते त्यांना हे गणित तोंडपाठ होतं. तेव्हापासून मी अपूर्णांक भरतीच्या वेळेवर शिकवू लागलो.

गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, मी आबांबरोबर संगमावर जाऊ लागलो. तिथे पोहोचलो की मला घाई व्हायची. ते मात्र वाळूवर बसून राहायचे. "मास्तरानू, आधी पाणी बघूचा, मगे गरी टाकूची," असं म्हणत. काय बघायचं तेही त्यांनी हळूहळू दाखवलं. ओहोटी लागली की खाडीतली कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते. मोठा मासा धारेत मेहनत करत नाही. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतं, त्या कडेला तो तोंड धारेकडे करून थांबतो. म्हणून आमिष धारेच्या वरच्या अंगाला सोडायचं आणि ते वाहत त्या कडेवर यायला हवं. उधाणाला ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही. भांगेला पाणी सुस्त, मासाही सुस्त. त्यांची पसंती मधल्या तिथींना आणि ओहोटीच्या पहिल्या दोन तासांना असे. तांबोशी आणि गोबरा हवा तर खडकाच्या आणि कांदळवनाच्या कडेला, मुडदुशे हवे तर लाटा फुटतात तिथल्या वाळूवर, हलक्या शिशाने आणि बारीक तंगुसाने. आश्विनात पाणी निवळलं की जाड तंगूस माशाला दिसतो, तेव्हा पहाटे किंवा संधिप्रकाशात जायचं. पाणी थोडं गढूळ असेल तर वासाचं आमिष, म्हणजे बांगड्याचा तुकडा. स्वच्छ असेल तर जिवंत कोळंबी.

यातला एक भाग मला काकींनी शिकवला. मासे साफ करताना त्या प्रत्येकाचं पोट उघडून मला दाखवत. "पोटात काय आसा ता बघा. मासो खोटा बोलणा नाय." आज पोटात कोळंबी असेल तर उद्याचं आमिष कोळंबी. पेडवे असतील तर मासा वरच्या पाण्यात खातो आहे, मग शिसं कमी करायचं. गाभोळी भरलेली दिसली की त्या गप्प होत आणि आबांना सांगत की त्या जागी काही दिवस जाऊ नका. पुस्तकाबाहेरचा पुरावा कसा वाचायचा, हे त्या पाटाशेजारी बसून माझ्या लक्षात आलं.

रापणीला पहिल्यांदा दोर ओढला तो दिवसही आबांचाच. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दूर अंतरावर दुसरा दोर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं रांगेत उभी राहून ओढतात आणि हळूहळू एकमेकांजवळ सरकत येतात. जाळं कधी सोडायचं हे तांडेल ठरवतो. पाण्यावरचा काळसर डाग, एकाच जागी झेपावणारे कुरव पक्षी, अंधाऱ्या रात्री थव्याने पाणी कापल्यावर उठणारा उजेड, अशा खुणांवर आबांचा निर्णय असे. मी ओढत होतो म्हणजे फार काही करत होतो असं नाही. जाळं वर आलं, बांगडा निघाला आणि वाटे घातले गेले तेव्हा माझ्यासाठीही एक हिस्सा ठेवलेला होता. मी संकोचाने नको म्हणालो. आबा म्हणाले, "दोराक हात लागलो, वाटो झालो." विधवांच्या घरी, आजारी माणसाच्या घरीही काही ना काही पोहोचत होतं. घाटावर बदलीसाठी केलेला अर्ज मी त्या वर्षाअखेरीस मागे घेतला.

2009 च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती, हंगाम भरात होता. सकाळी मतलई वारा आलाच नाही, हवा कोंदलेली होती, आणि तरीही लांब अंतराने जड लाटा किनाऱ्यावर येत होत्या. आबा बराच वेळ पाहत राहिले. "वारो नाय आणि लाट येता. खयतरी दर्या खवळलेलो आसा." त्यांनी होड्या वर ओढून घ्यायला लावल्या. मी सुट्टीत संगमावर जायच्या तयारीत होतो, मलाही त्यांनी थांबवलं. ते फयान वादळ होतं. 11 नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या समुद्रात गेलेले अनेक मच्छीमार परतले नाहीत. माझा जीव त्या एका वाक्यामुळे वाचला असेल, असं मी आजही मानतो. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ आलं तेव्हा आबा नव्हते. तोवर मोबाइलवर इशारे येत होते, पण मी मुलांना घेऊन लाटांमधलं अंतर मोजायला उंचावर उभा होतो.

आबांच्या शेवटच्या वर्षांत रापणीला मासळी कमी लागू लागली. पर्ससीन जाळी आणि रात्री प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यांनी किनाऱ्याकडे येणारे थवे बाहेरच उचलले जातात, हे पारंपरिक मच्छीमारांचं दुखणं आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, 2021 मध्ये राज्याचा सागरी मासेमारी कायदा दुरुस्त होऊन दंड वाढले. आबांनी मात्र कुठल्याही कायद्याची वाट पाहिली नव्हती. जाळ्यात तळहाताएवढा सरंगा आला की तो जिवंत असतानाच परत जायचा. "सोडा तेका, वाढांदे." 2023 मध्ये याच माशाला, पापलेटला, राज्य माशाचा मान मिळाला. बातमी वाचून काकींनी विचारलं, आता तरी लोक बारके सोडतील ना? मला होकार देता आला नाही. त्यांच्या प्रश्नामागची कळकळ अजून माझ्या मनात आहे.

आबा गेल्यावर मी शाळेत एक वही सुरू केली. नारळी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मुलांनी रोज तिथी, भरतीची वेळ, पहाटेचा वारा, पाण्याचा रंग, पक्षी आणि घरी आलेली मासळी लिहायची. अडलं तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं. सुरुवातीला काही मुलं लाजली. घरचं बोलणं शाळेत चालतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसण्याला माझ्यासारखे शिक्षकच कारणीभूत होते. मग एकेक आजोबा, एकेक आजी शाळेच्या पडवीत येऊन बसू लागले. मी निवृत्त झालो तेव्हा त्या वह्यांची थप्पी माझ्या जागी आलेल्या शिक्षकांच्या हाती दिली. लोक माझ्या उपक्रमाचं कौतुक करतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. त्या वह्यांत माझं असं काहीच नाही. सगळं त्या मुलांच्याच घरांतून आलेलं होतं. आबा-काकींनी ते माझ्यापर्यंत पोहोचवलं, आणि मुलांच्या हाती ते परत देणं एवढंच माझं काम होतं.