२०० किलोमीटरची तयारी आणि पाम बीचची पहाट

मंडळी, चाळिशीत सायकल घेतली आणि आता २०० किलोमीटरच्या बीआरएमला नाव द्यायचं ठरवलंय. "तयारी कशी करतोस?" असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. वाशी-सानपाडा-नेरूळला नव्याने सायकल घेतलेल्यांना उपयोग होईल. शेवटचा मुद्दा मात्र सायकल न चालवणाऱ्यांनीही वाचा.

आधी बीआरएम म्हणजे काय ते सांगतो. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किमी साडेतेरा तासांत संपवायचे. चहा, जेवण, पंक्चर, सिग्नल सगळं त्यातच. म्हणजे सरासरी ताशी १५ किमी. ऐकायला सोपं वाटतं, पण तुम्ही जेवायला बसलात तरी घड्याळ बसत नाही. हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि अंधारात चमकणारं जॅकेट हवंच.

आता तयारी.

सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघे बोलायला लागतात.

अंतर: वाशी ते बेलापूर पाम बीचने जाऊन-येऊन साधारण २० किमी. तिथून सुरुवात. मग पनवेल, मग पेण. लांबची राइड आठवड्यातून एकच, आणि दर वेळी थोडीच वाढवायची.

चढ: वाशी सपाट. त्यामुळे पारसिक हिल हीच आपली शाळा. खंडाळ्याचा घाट नंतर, तोही जुन्या हायवेने. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

खाणं: भूक लागायची वाट बघू नका. दर पाऊण तासाला केळं, खजूर किंवा चिक्कीचा तुकडा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम धो-धो येतो, म्हणून नुसतं पाणी नको, मीठ-साखरेचं हवं.

पंक्चर: मागचं चाक काढून ट्यूब बदलायला घरीच शिका. दोन-चार वेळा हात काळे झाले की जमतं.

इथपर्यंतचं सगळं आपल्या हातात आहे. मेहनत केली की होतं. पण पहाटे मागून येणाऱ्या गाडीची तयारी कशी करायची?

२८ फेब्रुवारी २०२४. पाम बीच रोड, नेरूळ, पहाटे सहाच्या सुमारास. अवतार सैनी सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या रचनेत मोठा वाटा असलेला, पुढे इंटेलचं भारतातलं काम सांभाळलेला माणूस. वय ६८. मागून आलेल्या कॅबने धडक दिली आणि ते गेले. ते काही नवशिके नव्हते, एकटेही नव्हते. त्यामुळे "सायकलवाल्यांनी जपून चालवावं" एवढं म्हणून विषय संपत नाही.

आम्ही पहाटे निघतो, कारण ऊन नसतं आणि गर्दी नसते. पण त्याच मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडीवाल्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. जरा हिशोब करू. पाम बीच साधारण १० किमी. ६० च्या वेगाने १० मिनिटं, ९० च्या वेगाने ६ मिनिटं ४० सेकंद. वाचली किती? साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र सव्वादोनपट होतं. त्या वाढलेल्या अंतरात कोणीतरी सायकलवर असतं, कोणीतरी चालत असतं, कोणीतरी झाडू मारत असतं.

काय करता येईल? रविवारी पहाटे साडेपाच ते आठ डावीकडची एक लेन कोन लावून सायकलींसाठी ठेवा. अशक्य नाही. कोलंबियात बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी रस्ते सायकलींसाठी मोकळे करतं. इतकं लांब कशाला, २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट' सुरू करून मरीन ड्राइव्हसारखे रस्ते रविवारी सकाळी लोकांना खुले करून दिले होते. मग आपल्या महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना का जमू नये? दुसरं, वेगाची तपासणी पहाटेही व्हायला हवी. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये कोण ९० ने जाणार आहे?

आम्हा सायकलवाल्यांनाही नियम आहेतच. तीन-तीन जणांनी शेजारी गप्पा मारत जायचं नाही, सिग्नल तोडायचा नाही, मागचा लाल दिवा विसरायचा नाही. आणि गाडीवाल्यांना एकच विनंती: ओव्हरटेक करताना दीड मीटर जागा सोडा. सायकलवाला खड्डा चुकवायला कधी सरकेल, हे त्यालाही आधी माहीत नसतं.

माझी बीआरएम साडेतेरा तासांत पूर्ण होईल किंवा नाही होणार, तो माझा प्रश्न. सरावाला गेलेला माणूस नाश्त्याला घरी परत यावा, हा मात्र सगळ्या शहराचा प्रश्न आहे. रविवारच्या लेनची मागणी पटत असेल तर आपल्या प्रभागातल्या लोकप्रतिनिधींपर्यंत ही पोस्ट पोहोचवा. पटत नसेल तर का नाही, तेही खाली लिहा. बोलू या.

#नवीमुंबई #वाशी #पामबीच #सायकल