सुट्टीतले नाटक

एप्रिल उजाडला की आमच्या टेंभुर्णीत वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत कागद पडू लागतात. पोहणे, कराटे, अबॅकस, संस्कार शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास. अलीकडे त्यात 'अभिनय व नाट्यसंगीत शिबिर' अशीही भर पडली आहे. कागदावर मालिकेतल्या एखाद्या कलाकाराचा फोटो मोठा असतो. रोज शिकवणार कोण, हे मात्र बारीक अक्षरांत असते, नाहीतर नसतेच. अशा शिबिरांतून एक निवडायचे कसे, यावर गेल्या वर्षी मी महिनाभर विचार केला. कुणाला उपयोग होईल म्हणून तो इथे मांडते.

निमित्त होते आमची नात. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. लहानपणापासून ती आजोबांच्या मांडीला मांडी लावून भजनात टाळ धरते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने एक नाट्यपद म्हटले आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच घोळत राहिले. एक दिवस ती मला म्हणाली, "आजी, मला संगीत नाटक शिकायचंय. या सुट्टीतच. पुढच्या वर्षी कुणी सोडणार नाही."

तिचा हिशोब बरोबर होता. चिरंजीव म्हणाले, "आई, दहावीचं वर्ष आहे. क्लासची बॅच एक मेपासून सुरू होतेय. हे नाटकाचं खूळ आत्ताच कशाला?" शेजारच्या बाई वेगळ्याच काळजीत. माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "बाई, पोरीला नाटकात घालताय व्हय? लोकं काय म्हणतील?"

त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही. आमच्या इथून मोडनिंब जवळ आहे. तिथल्या कलाकेंद्रांमुळे या भागात गाणे, नाचणे आणि मुलीची जात हे शब्द एकत्र आले की माणसे आवाज खाली आणतात. आणि हे काही आजचे नाही. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, कारण तेव्हा त्या रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करत. 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली ते १९३३ साल. म्हणजे घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका नाटकात दिसू लागल्या त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. आणि कलाकेंद्रातल्या बायका पोटासाठी रात्र-रात्र गातात, त्यात आपण नाक मुरडावे असे काय आहे? शेजारच्या बाईंना मी एवढेच सांगितले की मुलगी शिकायला जाणार आहे, आणि कुठे जाणार ते मी स्वतः बघून ठरवणार आहे.

मग शोध सुरू झाला. तीन ठिकाणे समोर आली. पहिले सोलापूरचे, दहा दिवसांचे, फी कमी. पण एका हॉलमध्ये ऐंशी मुले. दुसरे मुंबईचे, सात दिवस राहून. फी बघून चिरंजिवांनी कागद उलटा ठेवला. शेवटच्या दिवशी मोठ्या नाट्यगृहात प्रयोग, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र, शिवाय 'ऑडिशनची संधी'. तिसरे पुण्यातले, पंधरा दिवसांचे. कागद साधा, एका रंगात छापलेला, फोटो एकही नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने फोनवर सांगितले की तिकडे मिशिगनमध्ये इंटरलॉकेन नावाचे शिबिर १९२८ पासून चालू आहे आणि हायस्कूलची मुले उन्हाळ्यात कित्येक आठवडे तिथे राहून गाणे-नाटक करतात. ऐकून बरे वाटले, पण आम्हाला टेंभुर्णीच्या स्टँडवरून एसटीने जाता येईल असे काहीतरी हवे होते.

इथे जुन्या नाटक मंडळ्यांची आठवण होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ मध्ये 'सौभद्र'. त्यातली पदे साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून लोकांच्या कानावर असलेल्या चालींवर होती, म्हणून ती घरोघर गेली. पुढे मंडळ्यांत लहान मुले राहायला येत. तिथेच जेवत, तिथेच झोपत, सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकलेची, रात्री विंगेत उभे राहून थोरांचे काम बघणे. असे वर्षानुवर्षे चाले, तेव्हा कुठे एखादा नट उभा राहायचा. जे काम वर्षांचे, ते सात दिवसांत करून देतो असे कुणी म्हणाले तर ते खरे कसे मानायचे?

मग पंधरा दिवसांत होते काय? माझ्या मते दोन गोष्टी होतात. हे काम नक्की कसे असते आणि आपल्याला ते झेपते का, हे मुलाला कळते. आणि घरी परतल्यावर रोज काय करायचे, याची एक वाट मिळते. शेवटच्या दिवशीचा प्रयोग हा निवडीचा निकष धरू नये. सोळाव्या दिवशी मूल घरी काय घेऊन येते, ते बघावे.

हे मनाशी पक्के झाल्यावर मी तिन्ही ठिकाणी फोन केले. चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे प्रश्न विचारायची भीड उरलेली नाही. रोज कोण शिकवणार? पाहुणे किती वेळ येणार? एका शिक्षकामागे मुले किती? प्रत्येकाला बोलायला, गायला मिळणार की चौघांना भूमिका आणि बाकीच्यांना गर्दी? साथीला पेटी-तबला असणार की मोबाईलवरचा ट्रॅक? मुली राहणार कुठे, रात्री तिथे बाई कोण असते? मध्येच मूल आजारी पडले तर फी परत मिळते का? आणि गेल्या वर्षीच्या दोन पालकांशी बोलता येईल का?

यातला पेटी-तबल्याचा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटेल. पण तेरा ते सोळा हे वय आवाज बदलण्याचे असते. मुलांचा आवाज फुटतो हे सर्वांना ठाऊक आहे. मुलींचाही थोडा बदलतो, मधूनच हवा मिसळल्यासारखा लागतो. कुणाचा सूर काळी चार, कुणाचा काळी पाच, आणि वयात येणारा मुलगा एकदम खालच्या पट्टीत. पेटी असेल तर शिक्षक पट्टी बदलून देतो. ट्रॅक मात्र एकाच सुरात वाजत राहतो आणि ऐंशी मुले गळ्याच्या शिरा ताणून त्याच्यामागे ओरडतात. एका ठिकाणी मी हे विचारले तर पलीकडून उत्तर आले, "मॅडम, माईक असतो ना." मी आभार मानून फोन ठेवला.

पुण्याच्या ठिकाणी फोन घेतला तो शिकवणाऱ्या बाईंनीच. म्हणाल्या, "सोळाच मुलं घेते. पेटी मी वाजवते, तबल्याला एक मुलगा येतो. राहायची सोय आमच्याकडे नाही, ती तुम्ही बघा. आणि नाट्यगृह-बिट्यगृह काही नाही हं, शेवटी इथेच सतरंजीवर प्रवेश करून दाखवतात." गेल्या वर्षीच्या एका पालकाचा नंबरही दिला. त्या गृहस्थांनी सांगितले की त्यांचा मुलगा शिबिरानंतर गाणे सोडून तबल्याकडे वळला आणि आता आनंदात आहे. हे ऐकून माझा निम्मा निर्णय झाला. राहायला नातीची आत्या होतीच सिंहगड रोडला.

उरले चिरंजीव. त्यांना माझे म्हणणे पटले नाही, पण मुलीचे पटले. जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला गायिका व्हायचंच आहे असं नाही. मला येतं का, एवढं मला बघू द्या. नाही येत असं कळलं तरी चालेल." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांना सांगून आले की मुलगी सोळा मेपासून येईल.

तिथे 'सौभद्रा'तले प्रवेश बसवले. हिला सुभद्रा मिळाली नाही, नारद मिळाला. दोन दिवस फोनवर रुसवा होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, नारदाला चालत-चालत गावं लागतं. दम लागतो आणि सूर खाली येतो. बाई म्हणाल्या, आधी नुसतं चाल, मग नुसतं गा, मग दोन्ही." मला वाटले, फीचे पैसे इथेच वसूल झाले. गाणे, बोलणे आणि वावरणे एका श्वासात कसे बसवायचे हेच तर संगीत नाटक, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही.

घरी आली ती एक वही घेऊन. त्यात रोजचा वीस मिनिटांचा रियाज लिहून दिलेला: खर्जात सा, पलटे, मग एक उतारा मोठ्याने वाचणे. क्लासला जाण्याआधी ती तेवढे करते. काही दिवशी चुकतेही. गणपतीत आमच्या गल्लीतल्या पाच मुलींना घेऊन तिने नारदाचा प्रवेश बसवला. आजोबांच्या भजनी मंडळाची पेटी, पखवाजवाल्या काकांनी कसाबसा जमवलेला ठेका, आणि पुठ्ठ्याची वीणा. चिरंजीव मागे उभे राहून बघत होते. शेजारच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांची नात त्या पाच मुलींत होती.

दहावीला किती टक्के पडतील, ती पुढे गाईल की नाही, मला ठाऊक नाही. असो. यंदाही तुमच्या दारात रंगीत कागद पडले असतील. वाचकहो, फोटो बघू नका. फोन उचला आणि विचारा, "मूल घरी आल्यावर रोज काय करेल?" याचे सरळ उत्तर देणारा माणूस भेटला, तर कागद कितीही साधा असो, मुलाला तिथे पाठवा.