झेपेल तेवढं ओझं

पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींचे माळे सध्या ठाण्यात आणि डोंबिवलीत एकामागून एक रिकामे होताहेत. पितळेला भंगारात भाव असतो, सागवानी पाट कुणीतरी हौसेने नेतं. कातडी वस्तूंचं काय करायचं, ते मात्र चटकन सुचत नाही. वडिलांची ऑफिसची बॅग, आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याचं कव्हर, वाद्या सैल पडलेला तबला, कुणाच्या तरी लग्नातल्या कोल्हापुरी चपला. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, वरून सुतळी आवळून ठेवलेलं. सुतळी सोडली की आत पांढरी बुरशी.

जपून ठेवायची ही आपली रीतच कातड्याच्या मुळावर येते. उल्हास नदी आणि खाडीच्या या टापूत पावसाळाभर हवा दमट. ती ओल पिशवीत कोंडली की बुरशीचं फावतं. पुढे एप्रिल-मेमध्ये गच्चीखालचा माळा तापतो आणि तेच कातडं वाळून खडखडीत होतं. बाजारहाटाला रोज खांद्यावर फिरणारी बॅग झिजते, पण इतकी वाईट अवस्था तिची होत नाही.

कातडं म्हणजे बारीक तंतूंचं गच्च जाळं. कच्चं चामडं कुजतं. ते कमावलं की टिकतं. आपल्याकडे त्यासाठी हिरडा आणि बाभळीची साल वापरतात. कोल्हापुरी चपलेला, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चपलेचं कातडंही याच रीतीने कमावलेलं. मग त्यात तेल मुरवतात, म्हणजे तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. कातड्याची लवचिकता ती एवढीच. वर्षं गेली की तेल आटतं, हवेने बदलतं, तंतू एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी झाकण जोरात उघडलं, की ते वाकत नाही, तडकतं.

म्हणून माळ्यावरून उतरलेली बॅग आधी उघडू नये. पाहावं ते हे, की वस्तू कातडीच आहे ना. रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते आणि त्याचे पापुद्रे निघू लागले की कुठलंच तेल कामाला येत नाही. कातड्याची मागची बाजू लवदार असते. बुरशी गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झटकायची. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली, सावलीत वाळू द्यायचं. उन्हात नको, हेअर ड्रायर तर नकोच. ओल्या कातड्याला फार उष्णता लागली की ते आक्रसतं, आणि ते आक्रसणं मागे फिरत नाही.

तेलाच्या बाबतीत घरोघरी पहिला हात खोबरेलाकडे जातो. पण थंडीत बाटलीत गोठणारं हे तेल कातड्यावरही पांढरट डाग धरू शकतं, आणि पुढे खवट होतं. जवसाचं तेल रंगकामाचं; ते वाळून कडक होतं, म्हणून वर्ज्य. घोड्यांच्या खोगिरांना लावतात ते नीट्सफूट तेल आता घरबसल्या मिळतं; गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं ते तेल कातड्यात चांगलं शिरतं. बाटली मात्र बॅगेवर ओतायची नाही. फडक्यावर चार थेंब घेऊन पातळ हात फिरवायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. आधी डागाडागांनी रंग गडद होतो. सकाळपर्यंत तेल आत पसरलेलं असतं आणि डाग एकमेकांत मिसळलेले असतात. मग दुसरा हात. अधीर होऊन एकदम पाजलं, तर कातडं लिबलिबीत होतं आणि पुढे धूळ ओढत राहतं.

वडिलांची बॅग या सगळ्यातून गेली तेव्हा तिचं तपकिरी रूप पुन्हा दिसू लागलं. झाकण वळायला लागलं. आतला पासाचा कप्पाही सुटा झाला. मी तिला खूश होऊन स्टेशनजवळच्या चर्मकार काकांकडे नेली. सरकारी योजनेतून गटई कामगारांना मिळतो तसा पत्र्याचा स्टॉल. आत रापी, आरी, मेण लावलेला दोरा. त्यांनी तेलाच्या तकाकीकडे पाहिलंही नाही. पट्टा जिथे पितळी कडीत अडकतो, तिथे अंगठा दाबला. आत बारीक चिरांची रांग होती.

“मऊ झाली साहेब, मजबूत नाही झाली. आतून पट्टी मारतो. पण पूर्वीसारखी भरू नका.”

त्यांच्या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे. तेल तंतूंना सुटं करतं, तुटलेले तंतू सांधत नाही. लंडनच्या अथेनियम क्लबातल्या पुस्तकांच्या कातडी बांधण्या का झडतात, याचा माग मायकेल फॅरडेने १८४०च्या दशकात गॅसच्या दिव्यांपर्यंत नेला होता. शहरी हवेतली गंधकाची आम्लं कातडं आतूनच खातात आणि मग बोटाला तांबडी भुकटी लागते. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. त्या काळातले कातडी पाठीचे ग्रंथ ज्यांनी कुठेही हाताळले असतील, त्यांना ही भुकटी ठाऊक असेल. तिथे तेल लावणं म्हणजे नुकसानात भर.

दुरुस्तीतला खरा मोह इथेच आहे. वस्तू तकाकली की आपण तिच्याकडून जुन्याच कामाची अपेक्षा करू लागतो. या बॅगेने लोकलच्या गर्दीत डबा, छत्री, फायली आणि परतताना दोन किलो आंबे वाहिले. तिचा तो हिशेब तिने पुरा केला आहे. मोतीबिंदू निघालेल्या आजोबांना दिसायला लागलं म्हणून कुणी त्यांना गव्हाचं पोतं उचलायला सांगत नाही. तेल देणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तिला आता काय झेपेल ते ठरवणं. लॅपटॉपला दुसरी पाठपिशवी आहे. या बॅगेत वाचनालयाचं एखादं पुस्तक आणि चष्मा, बस. तेवढ्यासाठी ती आठवड्याला बाहेर पडते, आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, तिला पुन्हा चार थेंब मिळतात.