दर आणि माप

महागाईविषयी बोलणारा कुठे उभा राहून बोलतो आहे हे आधी विचारावे, असे आमचे जुने मत आहे. पुण्यात साखर दोन रुपयांनी चढली की मथळा होतो. बारामती-इंदापुरात तीच बातमी कारखान्याच्या शेवटच्या हप्त्याशी ताडून वाचली जाते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती यांच्या धुराड्यांकडे पाहत वाढलेल्या आम्हां मंडळींना म्हणूनच दिल्लीत नवे सरकार आले की एकच प्रश्न पडतो: हे कोणाची महागाई कमी करणार?

1991 च्या जूनमध्ये नरसिंह रावांचे सरकार आले, जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि 24 जुलैच्या अर्थसंकल्पाचे गोडवे आजही गायिले जातात. आमच्याकडे त्यातले लक्षात राहिले ते खत. 40 टक्के दरवाढ जाहीर झाली, ओरड होताच ती 30 वर आली. साखर कारखान्यांचे परवाने मात्र 1998 पर्यंत टिकले, लेव्ही साखर 2013 पर्यंत. देशाचे दार उघडून जवळजवळ दोन तपे होत आली तेव्हा कुठे गोदामाची किल्ली आमच्या हाती आली. 2018 मध्ये मासिक कोट्याच्या रूपाने ती पुन्हा दिल्लीला गेली.

उसाची एफआरपी 2018-19 मध्ये क्विंटलला 275 रुपये होती, 2024-25 मध्ये 340 झाली. वाढ दिसते खरी. पण पायाभूत उताराही 2018-19 मध्ये साडेनऊवरून दहा टक्क्यांवर आणि 2022-23 मध्ये सव्वादहावर नेला गेला. दर वाढवायचा आणि माप हळूच मोठे करायचे, हे एखाद्या वाण्याने केले असते तर गावाने त्याचे दुकान बंद पाडले असते. कारखान्यांचे रडगाणेही खोटे नाही: साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये झाला, तो 2024-25 च्या हंगामातही तेवढाच होता. कर्जे काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारलेल्यांना 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश आला. दुसऱ्या दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली. लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. इथेनॉलचा आदेश पुढे सैल केला गेला, पण हंगाम थांबत नसतो.

आमचा इंदापूरचा पुतण्या या साऱ्याला कंटाळून आभासी नाण्यांकडे वळला. "तात्या, तुमचा आडसाली ऊस दीड वर्ष रानात, आणि पैसे कधी मिळणार ते दुसऱ्याच्या हातात. हे नाणं मी रात्री दोन वाजता विकू शकतो," असे तो म्हणाला. त्याला गेनबिटकॉइनची आठवण दिली. दरमहा दहा टक्क्यांच्या आमिषाचे ते प्रकरण 2018 मध्ये पुणे पोलिसांकडेच होते. तो म्हणाला, ते ठगाचे काम, नाण्याचे नव्हे. यावर आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही.

सरकारलाही ते सुचलेले दिसत नाही. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर आणि प्रत्येक व्यवहारावर एक टक्का कपात लावली, तोटा मात्र ज्याचा त्याने सोसायचा. 2024 मध्ये आघाडीच्या टेकूवर आलेल्या सरकारने जुलैच्या अर्थसंकल्पात यातले काही बदलले नाही. वैध चलन म्हणून मान्यता नाही, कर मात्र आहे! उसाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि त्याच पैशातून घेतलेल्या नाण्याच्या नफ्यावर तिसरा हिस्सा सरकारचा. हा न्याय की अन्याय, यावर आमच्या घरी दोन जेवणे थंड झाली.

पुतण्याने पुढे नाणी विकली, कर भरला आणि उरलेल्या पैशातून दीड एकराला ठिबक बसवले. जुलैत आडसाली लागण झाली. एफआरपी किती निघेल असे विचारले, तर तो उतारा विचारा म्हणतो.